कुठं टाकलं ते सांगजो

४ फेब्रुवारी

सत्यानाश! भरती अकॅडमीच्या सरांनी वरवट बकालच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लावला. फोटो आधार कार्डावरचा — चोरीच्या गुन्ह्यात धरून आणल्यासारखी दिसतेय. 'भारतीय सैन्यदलात लष्करी पोलीस म्हणून निवड झाल्याबद्दल कु. प्रेरणा पुंजाजी वानखडे हिचे हार्दिक अभिनंदन.' बाजूला सरांचा फोटो, माझ्यापेक्षा मोठा. खाली अकॅडमीचा नंबर.

घरी ठाऊक होतं ते इतकंच, की पोरगी पोलीस भरतीची तयारी करतेय. म्हणजे नोकरी खामगावला, फार तर बुलढाण्याला. सैन्याचंही बघतेय हे आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. निकाल लागला तरी तोंड उघडेना. सरांना वाटलं, घरी पेढे वाटून झाले असतील!

बाबांनी तो फ्लेक्स स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवरून वाचला. मिस्त्रीकामावरून येताना रोज थांबतात तिथे. लोकांनी उठून हात मिळवले, यांनी हसत सगळ्यांना चहा पाजला म्हणे. घरी आले, थापी-ओळंबा कोपऱ्यात टाकला आणि एवढंच म्हणाले, "मले टपरीवर कळलं."

५ फेब्रुवारी

घरात कोणी बोलेना. भाजीत मीठ जास्त पडलं, त्यावरही कोणी बोलेना!

७ फेब्रुवारी

आज फुटलं. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवते, तिथून आली ती बोलतच आली. "तुले बंदूक काऊन पाहिजे?" मी म्हटलं, अगं, लष्करी पोलीस आहे ते. गेट सांभाळायचं, गाड्या तपासायच्या, शिस्त बघायची. "मंग काश्मिरात गेट नाहीत काय?" आईला वादात आजवर कोणी हरवलेलं नाही, मी कोण लागून गेले.

मी म्हटलं, अग्निवीर आहे, चारच वर्षं आहेत. बाबा म्हणाले, "चार वर्षांत काय बी होऊ शकते." आई म्हणाली, "अन् चार वर्षांनं काय? घरीच बसशीन ना?" एकाला चार वर्षं जास्त वाटतात, दुसरीला कमी.

मग माझंही डोकं सटकलं. म्हटलं, शिका शिका म्हणून बाबासाहेबांचं नाव तुम्हीच घेत होता ना? शिकले. आता घरी बस म्हणून कोणी सांगितलं? बाबांचा आवाज एकदम खाली आला. "त्याईचं नाव भांडणात नको आणू." मग म्हणाले, "मांगच्या मे महिन्यात टीव्हीवर थे लढाईचं चालू होतं. तुही माय रोज म्हणे, कोणाची लेकरं असतीन थे? आता तिनं काय म्हणावं?"

जेवले नाही. पण नंतर भूक लागली, शिळी भाकर खाल्ली. रागात सुद्धा पोट ऐकत नाही मेलं.

१० फेब्रुवारी

धावले की बरं वाटतं. थांबले की पुन्हा तेच. घरात या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरते आहे. खोल्याच दोन, फिरणार तरी किती! आई म्हणाली, "बस ना एका जागी." बसले. पाय हलतच राहिले.

जायचंय मला. हे मी इथे शंभरदा लिहीन. पण यांना रडवून जायचं नाही. आणि यांनी नाही म्हटलं तर? तरी जाईन? लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी

शेजारच्या मंजुळाबाई आल्या. अभिनंदन एका वाक्यात उरकलं आणि मुद्द्यावर — "अन्नपूर्णाबाई, आता हिले पोरगा कोण देईन?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नोकरी भेटली तिले. रोग नाही झाला."

मी दाराआड उभी. पळत जाऊन मिठी मारावीशी वाटली! मंजुळाबाई गेल्यावर आई परत माझ्याशी बोलेनाशी झाली. पण आता तो अबोला तितका टोचला नाही.

२२ फेब्रुवारी

बाबा हो म्हणाले! म्हणजे 'हो' असं नाहीच म्हणाले. गाडीला किक मारून म्हणाले, "चाल शेगावले, तुह्यं रिझर्वेशन करून येऊ." बंगळुरूला ट्रेनिंग आहे.

येताना रसवंतीवर थांबलो. रस पिता पिता बाबा म्हणाले, "ट्रेनिंग झाल्यावर कुठं टाकलं ते मले खरंखरं सांगजो. मायले मात्र पुणं सांगजो. तिले झोप लागत नाही." मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईनं केसांना तेल लावायला बसवलं. बोटं डोक्यात, आवाज हळू. "कुठं बी टाको, मले खरं सांगजो. बापाले पुणंच सांग. थे परांचीवर चढून काम करते, डोक्यात भलतं असलं तर पाय घसरन."

मी तिलाही हो म्हटलं. हसू दाबताना खांदे हललेच. आईला वाटलं मी रडतेय, तिनं पाठीवर हात फिरवला. मग खरंच रडले.

१ मार्च

शेगाव स्टेशन. आई पाण्याची बाटली भरायला गेली ती गाडी हलायला लागली तेव्हा आली, डोळे धुऊन. बाबा खिडकीच्या गजाला धरून चालत राहिले आणि म्हणाले, "पोहोचली की फोन कर बे." मला 'बे' पहिल्यांदाच म्हणाले. दोस्तांना म्हणतात तसं.

जूनमधला कुठला तरी रविवार, बंगळुरू

लिहायला वेळ नाही. पायाला फोड. जेवण ठीक. घरची ठेच्याची बरणी संपली, बाकी कशासाठी रडले नाही.

१९ नोव्हेंबर

पोस्टिंग आली. श्रीनगर.

फोन लावला. दोघं शेजारी, स्पीकर चालू. बाबांनी विचारलं, "कुठं टाकलं?" मी म्हणाले, पुणे. आई म्हणाली, "बरं झालं." बाबा म्हणाले, "हाव, पुणं चांगलं हाय." मग तिघंही थंडीबद्दल बोललो. बाबा म्हणाले, स्वेटर चांगलं जाड घेजो.

२४ नोव्हेंबर

उद्या निघायचं. खरं विचारायला दोघांपैकी एकाचाही वेगळा फोन आला नाही. मीही केला नाही.