सालीखाली काही नव्हतं

नाशिक, ६ जानेवारी २००४

ललित,

१. सिमल्याकडच्या ज्या जंगलात आपण दोघं कीड तपासत होतो, तिथे सलग दोन हिवाळे पुरेसं गोठलं नाही.
२. सालीखालच्या अळ्या थंडीने मेल्या नाहीत. वर्षाला एकाऐवजी दोन पिढ्या झाल्या.
३. देवदार उभ्याने वाळले. मी घरी परतल्यापासून कोणतं झाड किडलेलं म्हणून तोडायचं, ते एकटा तू ठरवतोस.
४. काल तिथलं लाकूड इथे नाशकात द्वारका चौकाजवळ, आप्पांच्या खोक्यांच्या कारखान्यात उतरलं.

इथे कुठल्याही हलक्या लाकडाला देवदारच म्हणतात. मी आप्पांना नेहमी दुरुस्त करते. काल ते म्हणाले, "घे, खरा देवदार आणला! तुझ्या किड्यांनी स्वस्त केला, लय उपकार त्यांचे."

एका फळीवर साल राहिली होती. तिच्यावर मी रंगवलेला आकडा होता, ४१. ते झाड निरोगी होतं. नंतर कीड लागली असेल, म्हणून मी पटाशीने साल काढली. आत किड्यांनी कोरलेली एकही रेघ नव्हती.

"काय शोधतेस गं?"

"काही नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं.

पंचवीस तारखेला आई-आप्पा सटाण्याला तुमच्याकडे सुपारी फोडायला निघतील. आईने तुझ्या आईसाठी साडी आणली आहे. मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही.

हे पत्र टपालात टाकलंच, तर एकेचाळीस नंबर का तोडू दिलास, ते तेवीस तारखेपर्यंत कळव.

हर्षाली