माझा तिसरा हिस्सा आणि जादूच्या पुस्तकांचे सहा भाग

दयाघन अल्लाहचं नाव घेऊन मी, इन्शिराह अब्दुस्सबूर, राहणार मुहर्रम बे, अलेक्झांड्रिया, धंदा नवरीचे पोशाख शिवणं, हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचाही दबाव नाही. मुलगा रिफ्अत याचा होता, पण तो मी जुमानला नाही.

एक. माझ्या मिळकतीचे तीनपैकी दोन हिस्से शरियतप्रमाणे रिफ्अतला जातील. तो माझा एकुलता मुलगा, तिथे माझं काही चालत नाही. तिसरा हिस्सा मात्र मला मनासारखा देता येतो, फक्त वारसाला नाही. रिफ्अतची मुलगी बुसैना, बाप हयात असल्यामुळे, माझी वारस ठरत नाही. म्हणून ट्रामच्या बाजूची मागची खोली, शिलाई मशीन आणि ‘वारा बांधणाऱ्या मुली’ या मालिकेचे सहाही भाग मी तिला देते. माझ्यामागे ही पुस्तकं रद्दीत घालीन असं रिफ्अत माझ्या तोंडावर बोलला आहे. आता ती त्याची नाहीत, आणि पोरीला खोलीत शिरून वाचायला त्याची परवानगीही लागणार नाही.

दोन. “यम्मा, पोरीच्या डोक्यात जादूटोणा भरू नकोस,” असं म्हणून त्याने पहिला भाग आमच्या मशिदीचे शेख ताहिर यांच्याकडे नेला. शेखसाहेबांनी तो तपासायला ठेवून घेतला. महिन्याभराने त्यांचा निरोप आला, “हाज्जा, पक्कं मत द्यायचं तर दुसराही बघावा लागेल.” सध्या ते पाचवा तपासत आहेत. मत अजून बनलेलं नाही. तो भाग त्यांनी बुसैनाला परत करावा. चहाचे डाग मी माफ करते.

तीन. एवढं त्या पुस्तकांत आहे काय, हे रिफ्अतने कधी विचारलं नाही, तरी सांगते. मला लहानपणीच शाळेतून काढून सुईवर बसवलं. डोळे अधू झाल्यावर मी मोती टाचत असताना बुसैना मला वाचून दाखवू लागली. मी म्हटलं, चालू दे पोरखेळ. पण त्या गोष्टीत वारा बांधायचा तर आपल्याला काय हवं ते मोठ्याने, पूर्ण वाक्यात सांगावं लागतं. पुटपुटलं की होडी उलटते. त्यातली झुमुर्रुद नावाची मुलगी दोन भाग नुसती पुटपुटत राहते. मला तिचा असा राग आला की सुई बोटात गेली. जन्मभर मी लोकांच्या मुलींना विचारत आले, बाही लांब हवी की आखूड. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही. आता बोलते, तेही वकिलासमोर.

चार. बहीण क़दरिया हिला तांब्याचं मोठं पातेलं. त्याचं झाकण तिच्या शेजारच्या उम्म हानीला. चौथ्या भागात कोण मरतं हे क़दरियाने मला फोनवर सांगून टाकलं होतं. झाकण लागेल तेव्हा तिने शेजारी जाऊन मागावं.

पाच. सातवा आणि शेवटचा भाग अजून छापून आलेला नाही, आणि डॉक्टरांचा चेहरा बघता मी त्याच्या आधी जाईन. तो आला की ईदला सगळे कबरीवर येतील तेव्हा गरिबांना मेलेल्यांच्या नावाने देतात ते रहमतचे पाव वाटावेत, कुराण पढून व्हावं, मग सातवा भाग मला वाचून दाखवावा. बुसैनाने नाही, रिफ्अतने. आधीचे सहा वाचल्याशिवाय त्याला त्यातलं ओ की ठो कळणार नाही, तेव्हा त्याने ते बुसैनाकडून मागून घ्यावेत.

वकील म्हणाले, “हाज्जा, ही अट कोर्टात टिकायची नाही.”

मी म्हटलं, “लिहा हो तुम्ही. कोर्टासाठी नाहीच ती.”

रिफ्अत, बाळा, लग्न झाल्यापासून तू मला फक्त औषधांच्या वेळा सांगत आलास. मला तुझा आवाज ऐकायचा आहे. सावकाश वाच. झुमुर्रुद शेवटी मेली, तर ते पान सोड आणि मला खोटं सांग.

साक्षीदार:
शेख ताहिर अल-बुहैरी (सही)
उस्ताद वजीह मिखाईल, वकील (सही)

इन्शिराह अब्दुस्सबूर (सही)
अलेक्झांड्रिया, ११ मार्च २०१८