आई, मलेरियाची लस आली

आई, मलेरियाची लस आली. आफ्रिकेत तान्ह्या मुलांना देतात. तू असतीस तर "हो का?" म्हणून पुन्हा काचपट्ट्या पुसायला बसली असतीस. जंगलातल्या त्या उपकेंद्रात तू नर्स होतीस. तापाचं मूल दिसलं की आधी त्याच्या आईशेजारी ओट्यावर बसायचीस, तिच्याबरोबर चिंचा फोडायचीस आणि मग कधीतरी मुलाचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचीस. मी दहावीत मलेरियावर भाषण ठोकून ढाल घेऊन घरी येते, तर तू विचारतेस, "छान. कुणी काही विचारलं का तुला?" मी केवढी चिडले होते! स्पर्धेत कोण विचारतं?

इथे जपानमध्ये, एदोगावा भागात, आमच्या खालच्या मजल्यावर घानाची एक बाई राहायची. नवरा संशोधक, मुलगा पाच महिन्यांचा. नवऱ्याचं काम संपत आलं होतं, महिन्याभरात ते परत जाणार होते. कचरा वेगळा करताना ती म्हणाली, तिकडे गेल्यावर बाळाला लस मिळेल, पण बहिणीच्या मुलीला लशीनंतर ताप आला होता, तेव्हा द्यायची की नाही ते अजून ठरत नाही. मी पेटलेच. तिला माझ्या स्वयंपाकघरात बसवून देवीपासून पोलिओपर्यंत सगळा इतिहास ऐकवला. "आई असून तू थांबतेस कशी?" असंही म्हणाले. ती उठली. "सिस्टर, तू फार छान बोलतेस. बाळ घाबरलं." त्यानंतर आठवडाभर ती माझी चाहूल घेऊनच कचरा टाकायला जायची.

शेवटी मीच खाली गेले. ती चवळी निवडत होती. मीही निवडायला बसले आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "तुला नक्की कसली भीती वाटते?" तिने एक वही आणली. बहिणीला, सासूला, गावच्या नर्सला फोन करून विचारलेले प्रश्न त्यात होते, पुढे उत्तरं. डोस चार. चौथा मूल धावायला लागल्यावर, म्हणून तोच बायका विसरतात. लस घेतली तरी मच्छरदाणी सोडायची नाही. आई, यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "माझा भाऊ दोन वर्षांचा असताना मलेरियाने गेला. माझ्या मांडीवर होता. लशीने याचं अंग तापलं, तर तो साधा ताप की तोच, हे मला कसं कळणार?" हेही तिने नर्सला विचारलं होतं. ताप उतरला नाही तर लगेच घेऊन ये, रक्त तपासू, असं नर्सने सांगितलं होतं. "हे उत्तर कालच मिळालं. आता देणार."

मी पुढची मूठभर चवळी निवडायला घेतली. लस शोधणाऱ्यांपुढे मी हात जोडतेच. पण एवढी भीती मांडीवर घेऊन ही बाई एकेक प्रश्न विचारत इथवर आली होती, आणि अशा किती आया मूल कडेवर घेऊन चार-चारदा दवाखान्याची वाट चालत असतील! इतकी पुस्तकं वाचली मी, पण कुठल्याच पानापुढे इतकी लहान झाले नव्हते.

गेल्या आठवड्यात तिने घानाहून फोटो पाठवला. बाळ भोकाड पसरून रडतंय, मांडीवर कापूस. खाली लिहिलंय, "एक झाला."

काल इथल्या मराठी मंडळात मी तिची गोष्ट सांगितली. मी तिथे म्हणाले, मीच तिला पटवलं. तसं घडलं नाही, आई. सभागृहात हे बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून जिला पत्र पाठवताच येत नाही तिला लिहितेय.