टॉवेल-टोपीचा सीन

३ फेब्रु., हर्सूल
परत चेन्नईचा कॉल. मी लिहिलेल्या हिंदी पिक्चरचा तमिळ रिमेक करतायत आणि सगळ्यात जास्त हशा मिळवलेला सीनच नको म्हणतायत! टॉवेल-टोपी हलकी मिळाली म्हणून नवरीचा मामा रुसून मांडवाबाहेर बसतो, तो. डायरेक्टर म्हणे, "मॅडम, हमारे यहाँ मामा पे कोई नहीं हँसेगा." मग हसायचं कोणावर? माझ्यावर?

५ फेब्रु.
मामाच्या जागी आत्याचा नवरा घातला. नाही चाललं. मामाच हवा, पण मान ठेवून. मान ठेवून कॉमेडी होते का कधी! जेवताना संदीप म्हणाला, "बरोबर बोलतोय तो." नवरा आहे का त्यांचा वकील!
रोख कळला मला. तो सीन आमच्याच लग्नातला. माझ्या वैजापूरच्या मामांनी पिक्चर बघितला, तेव्हापासून दोन वर्षं आमच्याकडं पाऊल नाही, फोन नाही. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? नाव बदललं होतं की मी.

८ फेब्रु.
चौथा ड्राफ्टही परत. "वो रूठा क्यों? टॉवेल के लिए कोई नहीं रूठता." डोकं फिरलं. म्हटलं, आमच्याकडं रुसतात, मी स्वतः बघितलंय.
बघितलं कुठं? मी तर बोहल्यावर होते. लोकांकडून ऐकलेलं सगळं.

९ फेब्रु.
आईला विचारलं. "रुसला व्हय. पण टॉवेलासाठी नाय. तुझ्या सासरच्या म्हाताऱ्यांची गाडी दौलताबादच्या घाटात बंद पडली, त्यांना आणाया गेलता. इकडं भटजीची घाई. नवरीला मामानं आणायचं, तर तुझ्या चुलतभावानं आणलं. तुझा मामा आला तवर अक्षता पडल्या. टॉवेल-टोपी मीच नेली समजूत काढाया. फेकली त्यानं. लोकांनी तेवढंच बघितलं."
चुलतभावानं आणलं ते आठवतंय, का ते मी कधी विचारलंच नाही. आणि हे आत्ता सांगतेस, आई?

११ फेब्रु.
तसाच सीन लिहिला. मामा धापा टाकत येतो, लग्न लागून गेलेलं. डायरेक्टर खूश. मला मात्र स्वतःचा लई राग आलाय. थेटरभर लोक हसत होते आणि मी शेजारी बसून बघत होते, मामा हसतायत का.

१३ फेब्रु.
मामांना फोन लावला. उचलला! चुकले म्हटलं, तमिळमध्ये सीन बदललाय म्हटलं. मामा म्हणाले,
"त्या पिच्चरात तरी मामा नवरीला मांडवात आणतो का गं?"
"अजून... ठरतंय, मामा."
"ठरलं की सांग." ठेवला.
चेन्नईला कळवलं, सहावा ड्राफ्ट करतेय. आता तेच बोंबलतायत, "मॅडम, सीन लॉक हो गया!" तिसऱ्यांदा फोन वाजतोय. वाजू दे.