सात स्टुलं आणि एक सरकारी पाहणी

आदरणीय वन्संना,

तुमच्या एकुलत्या एका वहिनीचा बसून केलेला नमस्कार. (बसून केला म्हणून रागावू नका. तो का बसून केला आणि कशावर बसून केला, हेच तर सांगायचं आहे.)

तुमची मान आता कशी आहे? दिवसभर आकड्यांत डोकं खुपसून बसल्यावर मान धरणारच. गरम पाण्याचा शेक घ्या आणि कचेरीतली ती खिडकीखालची जागा सोडा, वारा बाधतो. इकडे तुमचे बंधू खुशाल आहेत. जेवण वेळेवर होतं आणि झोप वेळेच्या आधी. तुमच्या मागच्या पत्रातलं "वहिनीला कामात मदत करत जा" हे वाक्य मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दोन्ही वेळा त्यांना ते फार आवडलं.

आता तक्रार. तुमच्या खात्याने आमच्या लॉन्ड्रीवर माणूस पाठवला आणि तुम्ही मला एका शब्दाने कळवलं नाहीत. रोजगार, स्थलांतर आणि कामाच्या जागेची परिस्थिती, अशी तिन्हींची एकत्र पाहणी म्हणे. घरचंच माणूस खात्यात असून आम्हाला परक्यासारखं वागवलंत, हे काही बरं नाही. पण झालं ते चांगल्यासाठीच झालं, म्हणून मी मनात ठेवलेलं नाही. (थोडं ठेवलं आहे.)

आमची लॉन्ड्री तुम्ही बाहेरूनच पाहिली आहे. आत शिरलं की एका बाजूला धुलाईची मोठी यंत्रं, मधे ओल्या चादरींच्या हातगाड्या आणि भिंतीलगत इस्त्रीची सात टेबलं. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे अभ्रे, टॉवेल, सगळं आम्हा सातजणींच्या हाताखालून जातं आणि सगळं उभ्याने. सकाळी जे उभं राहायचं ते शेवटच्या चादरीची घडी होईपर्यंत. संध्याकाळी माझ्या पोटऱ्या टम्म फुगतात. जिन्याचा कठडा धरून मी एकेक पायरी चढते तेव्हा तुमचे बंधू वरून वाकून विचारतात, "आलीस का?" (येताना दिसत असते, तरी विचारतात. स्वभाव.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिरा फुगल्या आहेत, कामात अधूनमधून बसत चला, नाहीतर पुढे पाय घेऊन बसावं लागेल. मी ते मालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बसून इस्त्री केली की कापडाला चुण्या राहतात. आता चुण्या इस्त्रीने जातात की पायाने, हा वाद मालकांशी कोण घालणार! थोडक्यात काय, वन्सं, मला एक स्टूल हवं होतं. बाकी काही नाही.

तर पाहणीचं पत्र मालकांना आलं आणि पुढच्या सोमवारी आम्ही कामावर येऊन बघतो तो प्रत्येक टेबलामागे एक उंच लाकडी स्टूल! भाड्याने आणलेली. कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानातला माणूस अजून दारात घाम पुसत उभा होता. मालकांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "ही स्टुलं इथे पहिल्यापासून आहेत. कळलं?" आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी. त्यांनी सरळपणाने विचारलं, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? मालक म्हणाले, "तुम्हाला आठवतंय तेव्हापासून." तिथेच घोटाळा झाला, कारण आम्हा सातजणींना वेगवेगळं आठवतं.

तुमचे साहेब आले ते चष्मा पुसतच आले. आत वाफ इतकी की बिचारे पाहणी करायला आलेले आणि त्यांना काही दिसेना. नाव सांगितलं त्यांनी, पण यंत्रांच्या घरघरीत कोणाला ऐकू आलं नाही, म्हणून आम्ही त्यांना पाहणीसाहेबच म्हणतो. माणूस सज्जन. धुतलेल्या चादरींच्या खोलीत टेबल मांडून बसले आणि एकेकीला आत बोलावून दार लावून तेच ते प्रश्न विचारू लागले. मला विचारलं, इथे मूळच्या की बाहेरून आलात? म्हटलं, बाहेरून. मग स्थलांतराचं कारण. त्यांनी पर्याय वाचून दाखवले: नोकरी, लग्न, शिक्षण, नैसर्गिक आपत्ती, इतर. मी लग्न सांगितलं. (तुमची आठवण होऊन नैसर्गिक आपत्तीपाशी क्षणभर घुटमळले होते, पण घरची गोष्ट सरकारच्या कागदावर कशाला?) मग कामाच्या जागेचे प्रश्न. बसायची सोय आहे का? आहे. कधीपासून? मी म्हटलं, झाली असतील चार-दोन वर्षं. माझ्यानंतर मावशी गेल्या. त्यांनी सांगितलं, माझ्या लग्नाच्या आधीपासून. त्यांच्यामागून मागच्या महिन्यातच लागलेली नवी गेली. ती म्हणाली, सोमवारपासून.

संध्याकाळी पाहणीसाहेबांनी सगळ्यांदेखत मालकांना सांगितलं की उत्तरं जुळत नाहीत, आणि नियम असा की जुळेपर्यंत पाहणी पुरी धरता येत नाही, तेव्हा पुन्हा यावं लागेल. मालकांनी घाबरून विचारलं, "आणि तोवर?" साहेब म्हणाले, तोवर सगळं आहे तसंच राहू द्या. वन्सं, त्यावर मावशींनी आपलं स्टूल पुढे ओढलं, त्यावर व्यवस्थित टेकल्या आणि म्हणाल्या, "येऊ देत की बाई पुन्हा."

त्यानंतर आम्ही जी मेहनत घेतली ती इस्त्रीवरसुद्धा कधी घेतली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत बसून (बसून!) कोणी काय सांगायचं ते वाटून घ्यायचो. सुट्टी किती मिळते? एकीने सांगायचं मिळत नाही, दुसरीने सांगायचं अर्धा दिवस. उकडतं का? एकीने हो म्हणायचं, एकीने म्हणायचं मी घरून शाल आणते. सुरुवातीला फजिती झाली. नवीला खोटं सांगायला जमेना, ती आत जाऊन रडायला लागली आणि साहेबांनी "कामाच्या ताणामुळे रडतात" असं लिहून घेतलं. मग तिला आम्ही खरं सांगायचं काम दिलं. आमच्यात एकजण अशी आहे की वर्षभरात दहा वाक्यं बोलेल. आवाजाचा त्रास होतो का, असं तिला विचारलं तर तिने तीनदा "काय?" म्हटलं आणि साहेबांनी न विचारता "हो" लिहून टाकलं. अशा हुशार माणसाला फसवताना वाईट वाटायचं. त्याची भरपाई म्हणून मावशी साहेब आले की त्यांचा शर्ट मागून घ्यायच्या आणि इस्त्री करून द्यायच्या. चौथ्या फेरीपर्यंत साहेबांचा शर्ट असा कडक झाला होता की आत साहेब नसते तरी तो उभा राहिला असता.

इकडे मालकांचा चेहरा उतरला. फर्निचरवाला रोज संध्याकाळी भाडं न्यायला यायचा आणि हसतमुखाने विचारायचा, "अजून चाललीये वाटतं पाहणी?" शेवटी मालकांनी आम्हा सातजणींना आपल्या खोलीत बोलावलं, चहा मागवला आणि हात जोडले, "बायांनो, काय सांगायचं ते सांगा, पण एकदा तुमच्यात एकमत करा!" (आम्ही तिघी एका जागी उभ्या दिसलो तरी "काय चाललंय तिथे?" म्हणून ओरडणारे हेच ते मालक.) एकमत होईपर्यंत बाहेर येऊ नका म्हणून दार लोटून गेले. आम्ही बराच वेळ बसलो. चहात साखर कमी होती, यावर एकमत झालं.

शेवटी फर्निचरवाल्यालाच दया आली. तो मालकांना म्हणाला, अहो, भाड्यात स्टुलांची किंमत केव्हाच फिटली, आता विकतच घ्या ना. आणि मालकांनी घेतली! खरंच घेतली. पाहणीसाहेब पुन्हा आले तेव्हा आम्हाला खोटं बोलायचं कारणच उरलं नव्हतं. सातही जणींनी सांगितलं: आधी स्टुलं नव्हती, मग भाड्याने आणली, काल विकत घेतली. साहेब गोंधळले. इतके दिवस सात तोंडं सात दिशांना आणि आज एकच उत्तर! त्यांनी विचारलं, "तुम्हाला कोणी पढवलं का?" मावशी म्हणाल्या, "खरं बोलायला कोण पढवतंय, साहेब?" पण त्यांची खात्री पटली नाही. त्यांनी "उत्तरे पढवलेली वाटतात" असा शेरा मारून आमची फाइल मुख्य कचेरीत पडताळणीला पाठवली.

तर अशी हकीगत. हे पत्र मी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी, माझ्या स्टुलावर बसून लिहिते आहे. काही काम नव्हतं, सहज लिहिलं. मान जपा.

तुमची लाडकी (असं मीच म्हणते) वहिनी

ता. क. तुमच्या कचेरीत पडताळणीच्या टेबलावर तुम्हीच बसता, हे मी पाहणीसाहेबांना सांगितलेलं नाही. आमची फाइल एव्हाना तुमच्यापुढे आली असेल. एक बारीकशी गोष्ट वर लिहायची राहिली. स्टुलं घेताना मालकांनी फर्निचरवाल्याशी बोली केली आहे की महिन्याच्या आत, माल बिनडाग असेल तर, परत घ्यायचा. स्टुलांवर गुंडाळून आलेले कागद त्यांनी घड्या घालून आपल्या कपाटात ठेवले आहेत, ते मी डोळ्यांनी पाहिलं. फाइल पास झाली की त्याच दिवशी स्टुलं दुकानात जातील. आणि तुम्ही फाइल परत पाठवलीत तर साहेब पुन्हा येतील, आणि आता त्यांना सांगायला आमच्याकडे खऱ्याखेरीज काही शिल्लक नाही, म्हणजे पाहणी पुरीच. तेव्हा पास करू नका आणि परतही पाठवू नका. नियमाबाहेरचं मी काही मागत नाही, वन्सं. तुमच्या कचेरीत एरवी जे होतं तेच होऊ द्या. महिनाभर फाइल हलवू नका.

पुन्हा ता. क. काल पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. वरचं सगळं विसरा, फाइलचं तुम्ही तुमच्या नियमाने काय ते करा, उगाच माझ्यापायी नोकरीत बोल लावून घेऊ नका. काल दुपारी मावशींच्या हातून गरम इस्त्री निसटली ती नेमकी त्यांच्या स्टुलावर पडली. आयुष्यात ज्यांनी एक चादर जाळली नाही, त्या मावशी! लाकडावर इस्त्रीचा छान टोकदार डाग उठला. "आता हे कोण परत घेणार गं?" म्हणून त्या हळहळल्या. ते ऐकून नवीच्याही हातून निसटली, आणि मग न बोलणारीच्याही. आज सकाळपर्यंत सहा स्टुलांना सहा डाग. मालक डोकं धरून बसले आहेत, आणि तेसुद्धा आमच्याच एका स्टुलावर. आता माझं तेवढं राहिलं आहे. इस्त्री तापली आहे आणि सगळ्याजणी माझ्याकडेच बघताहेत, म्हणून इथेच थांबते.