उजवा हात, डावा कान

बालाघाट,
रविवार, दि. ९ जुलै १९६७

चि. प्रेमलाल यास अंजनाताईचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तूही असशील असं धरून लिहिते, कारण तीन आठवड्यांपूर्वीच्या तुझ्या पत्रात खुशालीचा एक शब्द नव्हता. कमलाआत्याला जयभीम सांग. नागपुरात तिच्या घरी जेवताना नाक मुरडत नाहीस ना? इथे तू भाजीतली वांगी वेचून माझ्या ताटात टाकायचास, आत्या ते चालवून घेणार नाही.

गावी धानाचा रोवणा सुरू झाला आहे. गुडघा दुखतो म्हणून आईला बांधीतल्या चिखलात उतरू नको म्हटलं, ती उतरलीच. बाबांची कोटवारी चालू आहे, परवाच गावातल्या जन्ममृत्यूंची खबर लांजीच्या ठाण्यात देऊन आले. माझ्या शाळेत पहिलीला चाळीस नवी पोरं आली. हेडमास्तरांच्या हिशेबी चाळीसही एक जुलैला जन्मली. मी मात्र प्रत्येकाच्या आईला विचारते, बाई, पोरगं धान कापणीत झालं की मोह वेचताना, आणि जमेल तेवढी खरी तारीख लिहिते. हेडमास्तर हसतात. मी असं का करते ते त्यांना सांगितलेलं नाही. तुला सांगायचं आहे, पण गेले तीन आठवडे कागद घेते आणि पाऊसपाण्याचं लिहून फाडून टाकते.

दोन वर्षं आपण दोघांनी किती ठिकाणी पत्रं धाडली, आठव. पदवीही मिळावी, विमानही शिकता यावं, आणि कोटवाराच्या पोराला ते झेपावं. कानपूर, हैदराबाद, मुंबई, सगळीकडून गुळगुळीत कागदावरची पुस्तकं आली. त्यातली फी बाबांना वाचून दाखवताना माझा आवाज खाली जायचा. शेवटी नागपूरचं सापडलं. सकाळी फ्लाइंग क्लबात विमान, दुपारी बी.एस्सी.चे तास, आणि उड्डाणाचा बहुतेक खर्च सरकारचा. त्या दिवशी तू चहा न पिताच सायकल काढून लामत्याच्या मामाला सांगायला गेला होतास. आणि मग ती अट निघाली. एक जुलैला सतरा वर्षं पूर्ण असावीत, पण एकोणीस पूर्ण झालेली नसावीत. तुझ्या दाखल्यावर जन्म एक जुलै एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा. एका दिवसाने तू बाहेर पडलास.

तू बाबांना लिहिलंस की पोरगा लवकर भरवेलीच्या खाणीत लागावा म्हणून तुम्ही माझं वय वाढवलं. गावातला प्रत्येक जन्म ठाण्यात नोंदवणाऱ्या कोटवाराने आपल्याच पोराचा जन्म खोटा सांगितला, असंही लिहिलंस. हे मीच त्यांना ओसरीवर वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग पागोटं काढून मांडीवर ठेवलं, आणि म्हणाले, "लिहून टाक बाई, चूक माही होती म्हणून."

मी लिहिलं. खाली त्यांनी अंगठा दिला. ते पत्र तुझ्याकडे असेल. त्यातला अंगठा त्यांचा आहे, अक्षर माझं आहे, आणि मजकूर खोटा आहे.

आता खरं काय ते वाच. चोपन्न सालचा जुलै. मी दहा वर्षांची, आणि अजून शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, कारण आई रोवण्याला गेली की तू माझ्या कडेवर. कडेवर पोर घेऊन वर्गात बसायचं नाही, असं गुरुजींनी दोन वेळा सांगून परत पाठवलं होतं. तुझंही नाव घातलं तरच मला बसता येणार होतं, आणि नाव घालायला सहा वर्षं पूर्ण लागत. दाखले कोणाकडे असत? गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोर सहाचं.

तुझा लागत नव्हता. तुला पाचही पूर्ण नव्हती रे. मी तुला आठ दिवस गोठ्यामागे उभं करून तो हात ओढला. मान कशी हळूच कलती करायची, खांदा कसा वर घ्यायचा, सगळं शिकवलं. तू रडायचास, मग मी तुला गूळ द्यायची. नवव्या दिवशी गुरुजींपुढे तुझं बोट कानाला लागलं. गुरुजींनी तरी बाबांकडे पाहून विचारलं, "क्यों डोमाजी, छह का हो गया ना?" बाबांना तुझा जन्म महिन्यासकट पाठ होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता मला ठाऊक नाही. ते म्हणाले, "हौ गुरुजी."

खाणीचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता, प्रेमलाल. माझ्या शाळेसाठी तुझं वय गेलं. आज मी मास्तरीण आहे ती त्यामुळे. आणि बाबांनी तेरा वर्षं हा विषय घरात काढला नाही, तुझं पत्र आल्यावरही नाही. मला स्वतःची लाज वाटते.

आणखी एक सांगते, रागावू नकोस. धडा तुझ्या डोक्यावरून जायचा म्हणून गुरुजी तुला दाराशी बसू देत. तिथून तू आभाळ बघायचास. दुपारी एखादं विमान गेलं की "ताई, गेलं" म्हणून भर वर्गात ओरडायचास. तुझ्या नादाचं मूळही त्या दारात आहे असं मला वाटतं.

वीस जुलैपर्यंत जन्माचा पक्का पुरावा आणला तर अर्जाचा पुन्हा विचार करू, असं नागपूरच्या कॉलेजातले बाबू म्हणाले. हे तू कळवलं नाहीस, आत्याने कळवलं. मी बाबांना घेऊन इथल्या रेकॉर्डखोलीत गेले. ठाण्याची जुनी बुकं तिथे आहेत. दुसऱ्या दिवशी पान सापडलं. सोळा नोव्हेंबर एकोणीसशे एकोणपन्नास, मुलगा, आई जिजाबाई, खबर देणार डोमाजी कोटवार. धान कापणीतलाच आहेस तू. सतराही पूर्ण आहेत आणि एकोणीसला अजून सव्वा वर्ष आहे.

पण शाळेत खोटं वय कोणी सांगितलं, त्याचं प्रतिज्ञापत्रही लागतं. बाबा पुढे झाले. वकील म्हणाले, कोटवाराने खोटी खबर कबूल केली तर कोटवारी राहणार नाही. बाबा म्हणाले, "जाऊ द्या कोटवारी. पोरगा वर उडते तं उडू द्या." मी त्यांना बाकावर बसवलं आणि शुक्रवारी माझ्या नावाने कागद केला. वकिलांनी बजावलं की बाई, शाळा खात्याकडून विचारणा होईल. होऊ दे. भीती वाटते, नाही असं नाही. पण खोटं माझं होतं, ते माझ्याच नावावर बरं.

नक्कल आणि प्रतिज्ञापत्र दोन्ही सोबत आहेत. उद्या पोस्टात रजिस्टर करते. हाती पडताच स्वतः नेऊन दे आणि पोच घे. ते काय ठरवतील ते माझ्या हातात नाही.

एक राहिलं. तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलं होतंस, की मी आता त्या घरात पाऊल ठेवणार नाही. ती ओळ मी दोन्ही वेळा गाळली. बाबांना ठाऊक नाही. ते कालच विचारत होते, प्रेमलाल कापणीले येते का म्हणून.

त्यांना पत्र लिही. काहीही लिही. या वेळी एक शब्दही न गाळता वाचून दाखवीन.

तुझा हात कानापर्यंत ओढून नेणारी,
अंजनाताई