आधी तार, मग शब्द

प्रिय रिदा,

मी सांगतेय आणि फिदालिन लिहितेय. तिने सुरुवातीला ‘प्रभूच्या कृपेने आम्ही सर्व कुशल आहोत’ असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. एक तर आम्ही कुशल नाही आणि दुसरं म्हणजे माझ्या पत्रात पहिल्याच ओळीला प्रभूने येऊन बसायचं कारण नाही, त्याचं रविवारी होतं तेवढं पुष्कळ आहे. फिदालिनने तोंड वाकडं केलंय. करू दे. आयुष्यभर शाळेत शिकवून तिला वाटतं की कागद दिसला की तो तिचाच. मध्येच एखादं फार शहाणं वाक्य आलं तर ते तिचं समज आणि पुढे जा.

फोन सोडून हा उद्योग कशाला, असं तुला वाटेल. त्या दिवशी तू फोन उचललास, मी दुकानाचं बोलले, मांजरीने पोटमाळ्यावर पिल्लं घातली ते बोलले, आणि पलीकडून नुसता तुझा श्वास. मग मीही बोलायची थांबले. आपण दोघी नुसत्या श्वास घेत बसलो. मला ते संध्याकाळपर्यंत चाललं असतं, खोटं नाही सांगत. पण तू फोन ठेवलास, आणि त्यानंतर उचललाच नाहीस. म्हणून म्हटलं, जिथे आवाज लागत नाही त्या रस्त्याने जावं. मला अक्षर नाही, तुला आवाज नाही. बरी जोडी जमली आहे.

इकडे चेरी फुलली आहे. शिलाँगभरचे लोक झाडाखाली उभे राहून स्वतःचेच फोटो काढतात, फुलांकडे कोणी बघत नाही. दुकानात जादोह भात दुपारीच संपतो, त्यातलं डुकराचं मटण महागलं तरी संपतो. गिऱ्हाइकं तुझ्याबद्दल विचारतात. बंगळुरूला कामाला आहे, म्हणून सांगते. पुढचं विचारलं की त्यांच्या हातावर पान-सुपारी ठेवते. तोंड भरलं की माणूस गप्प बसतो.

परवा आइहुन विचारत होती, रिदाताई गायला कशी लागली. म्हटलं, हौसेने नाही लागली. आपल्या गल्लीत घरांपेक्षा गिटारवाले जास्त, पण बेस गिटार कोणालाच नको, कारण बेसवाल्याकडे बघून कोणी पोर हसत नाही. तू वयाने लहान, म्हणून बँडमधल्या किटबोकने ती जाड तारांची गिटार तुझ्या गळ्यात मारली. मग तुमचा गाणारा सरकारी नोकरी लागून तिकडे तुरा गावाला गेला आणि गाणंही तुझ्याच अंगावर पडलं. काय हाल झाले होते तुझे. बोटं नीट चालली की तोंड बंद, तोंड उघडलं की बोटं जिभेमागे पळत सुटायची. किटबोकने मला समजावलं होतं, मेइराद, साध्या गिटारवाल्याचं सोपं असतं, त्याचा हात गळ्याबरोबरच चालतो. बेसवाल्याचा हात ड्रमच्या घरचा आणि गळा गाण्याच्या घरचा, तिला दोन्ही घरी एकाच वेळी नांदायचंय. मी म्हटलं, आपल्याकडे बायकोच्या घरी येणाऱ्या जावयांनाही एकाच घरी नांदावं लागतं, माझ्या नातीला कशाला छळता.

मग मी तुला दुकानात बसवलं आणि पुढ्यात सुपारीची टोपली ठेवली. सोल, चीर, पानाला चुना लाव, आणि तोंडाने गिऱ्हाइकाशी भांड. हात काय करतात ते तोंडाला कळू द्यायचं नाही. तू आधी बोटं कापून घेतलीस, मग गिऱ्हाइकं पळवलीस. मटणवाल्या बाह् स्टारला तू असं काही बोललीस की तो अजून मला टाळतो. पण हात सुटे झाले. आणि एका दुपारी मागच्या खोलीतून ते आलं. आधी तार वाजायची, आणि तुझा शब्द अर्धा श्वास मागून येऊन तिच्यावर टेकायचा, दमलेला माणूस बाकावर टेकतो तसा. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही आता चुकली, आता चुकली. आणि तू चुकायची नाहीस. कोहिमाला, ऐझॉलला कार्यक्रमांना पोरं त्यासाठीच यायची, असं तुमच्या बँडमधला टेइबोर सांगतो. मला त्या दणदणाटातलं एक अक्षर कधी कळलं नाही. पण मांडणीवरच्या बशा थरथरायला लागल्या की मी मनात म्हणायची, आता शब्द येईल. यायचा.

गळ्याची गाठ काढल्याबद्दल मी डॉक्टरांना बोल लावणार नाही. गाठ काढली नसती तर तू गेली असतीस, हे त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं. आवाजाची नस दुखावली, होतं असं कधीकधी, हेही सांगितलं. तू शुद्धीवर आलीस आणि पाणी मागितलंस, तर नुसती हवा आली. तू माझ्याकडे बघितलंस. मी पाणी दिलं. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर जो तो घरी येऊन तुला एकच ऐकवून गेला. चर्चचे पाळक आले, म्हणाले, हात शाबूत आहेत, आभार मान. किटबोक आणि टेइबोर आले, म्हणाले, बेस तर आहेच, गायला दुसरी बघू. पोरं वाईट नाहीत. त्यांना वाटलं, दोन कामं होती, एक गेलं, एक उरलं. शाळेतली वजाबाकी. फिदालिन म्हणते, हिशोब बरोबरच आहे. म्हणून तर ती शाळेत होती आणि मी दुकानात.

मग तुझ्या जागी गायला त्यांनी आइहुनला मागच्या खोलीत आणलं, चर्चच्या गाणाऱ्यांतली गुणी पोर. तिच्या आवाजात खोट नाही. मी पडद्याआड तव्यावर तांदळाचे पुथारो भाजत होते. तिचा शब्द बरोब्बर ठोक्यावर पडत होता, रांगेत उभ्या राहिलेल्या पोरीसारखा. आणि तुझं बोट तारेवर जायच्या आधी थांबत होतं. पुन्हा थांबलं, पुन्हा थांबलं. तुझ्याच छातीतला श्वास हलला की मगच त्या बोटाला हलायची सवय, आणि तो श्वास आता गात नव्हता. टेइबोर अगदी हळू म्हणाला, “रिदा, तू मागे पडतेस.” तुला जन्मात कोणी हे म्हटलं नव्हतं. तू भांडली नाहीस. गिटार उतरवलीस, भिंतीला टेकवलीस, आणि आइहुनला खुणेने विचारलंस, चहा घेशील का. माझ्या तव्यावरचा पुथारो करपला. सगळे म्हणत होते की तुझं अर्धं उरलंय, आणि काही उरलं नाही हे त्या खोलीत फक्त आपल्या दोघींना माहीत होतं.

म्हणून तू बंगळुरूला निघालीस तेव्हा मी अडवलं नाही. दिवसभर यंत्रासमोर बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, असं काम मिळालंय, हे तू पाटीवर लिहून दाखवलंस आणि फिदालिनने वाचलं. मला वाटलं, चला, जिथे कोणी तिचं गाणं ऐकलेलं नाही तिथे तरी तिला सुखाने गप्प बसता येईल. बँड मोडला. किटबोक लहान पोरांना शिकवतो आणि घरी येऊन दार लावून घेतो. टेइबोर मामाची टॅक्सी चालवतो. बेस न्यायला कोणी आलं नाही, मीही दिली नाही. मागच्या खोलीत मी आता बटाटे ठेवते.

फिदालिनला इथे लिहायचं होतं की तुझा आवाज परत येईल. मी लिहू दिलं नाही. मला माहीत नाही. येईल असं वाटतही नाही. तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही, आणि या वयात नवी सवय लागायची नाही.

आता खरं कामाचं. मंगळवारी तुझं पुडकं आलं. आत चिठ्ठी नाही. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली पोवळ्याची आणि सोन्याच्या मण्यांची माळ. फिदालिन म्हणाली, परक्या शहरात चोरीची भीती, म्हणून पोरीने शहाणपणाने घरी पाठवली. मी हो म्हटलं, तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर दुकान बंद केलं. रिदा, ही माळ आईकडून धाकट्या लेकीकडे जाते. माझ्या आईने मला दिली, मी तुझ्या आईला दिली. ती कधी मागे येत नाही. एकदाच आली होती, तुझ्या आईला पुरून आलो त्या संध्याकाळी, आणि तू मोठी होईपर्यंत मी ती सांभाळली. तू हे सगळं जाणतेस, आणि तरी पाठवलीस. तू काय ठरवलं आहेस ते मी फिदालिनकडून लिहून घेणार नाही. तुझी आई देवाच्या अंगणात सुपारी खात बसली आहे, तिला एवढ्यात सोबत नको आहे. मला हवी आहे. तुझ्यापाशी गाणं नाही, बेस नाही, काही नाही, हे मान्य. मग काही नसलेली ये आणि बटाट्यांशेजारी झोप, मी काही मागणार नाही. हे पत्र टपालाने आलेलं नाही. टेइबोर गुवाहाटीहून गाडीत बसून ते घेऊन आलाय आणि आत्ता तुझ्या दाराबाहेर जिन्यात बसला आहे. पत्र दाराखालून सरकव, असं मी त्याला सांगितलंय. माळही त्याच्याजवळ आहे. ती मात्र सरकवायची नाही, तुझ्या हातातच द्यायची, आणि तू दार उघडेपर्यंत तिथून उठायचं नाही, असं बजावलं आहे.

तुझीच, अजून हयात असलेली,
मेइराद